सहाणेवरचा देवमाशाचा दात

मी एक जुना दात आहे.

हसू नका, मित्रांनो. तुमचा दुधाचा दात पडला की तुम्ही तो छपरावर फेकता आणि विसरून जाता, तसला मी नव्हे. मी देवमाशाचा दात आहे. मोठ्या माणसाने मला मुठीत धरलं, तर मी मुठीच्या दोन्ही बाजूंनी डोकावतो. मला कोरून एक आकृती केलेली आहे आणि त्या आकृतीला माझ्या देशात तुपिलाक म्हणतात. माझा देश फार लांब, उत्तरेला, बर्फात आहे. त्याचं नाव ग्रीनलँड. सध्या मात्र मी बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापुरात, अन्नपूर्णाबाईंच्या स्वयंपाकघरात, सहाणेशेजारी एका पितळी वाटीत राहतो.

आज मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा कसला दात, हे तर झिजलेलं शिंग आहे. तुमचा दोष नाही. मला आता चेहराच उरलेला नाही. डोकं सपाट झालं आहे आणि डोळ्यांच्या जागी गुळगुळीत उतार आहे. छातीवरच्या बरगड्या तेवढ्या शाबूत आहेत. पण एके काळी मला असा चेहरा होता, की तो पाहून मोठी माणसंसुद्धा दचकत. तो कसा गेला तेच मला सांगायचं आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला तर समजून घ्या. माझा स्वभाव तापट आहे. मला घडवलंच तसं.

मी जन्मलो एका देवमाशाच्या जबड्यात. तो काळ्या, थंड पाण्यात खोल खोल बुडी मारायचा आणि मी त्याच्याबरोबर जायचो. पुढे तो गेला आणि त्याचे दात समुद्रकाठच्या एका घरात आले. कित्येक वर्षं मी तिथे एका पोत्यात, बाकीच्या दातांच्या गर्दीत पडून होतो. मग एका हिवाळ्यात पाविया नावाच्या म्हाताऱ्याने पोत्यात हात घातला, मला बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं आणि स्वतःशीच मान हलवली.

पाविया शिकार करायचा आणि कोरीव कामही करायचा. हिवाळ्यात तिकडे सूर्य जेमतेम तोंड दाखवून परत जातो. त्या दिवसांत तो खिडकीशी बसून, लहान लहान कानशींनी मला घासत राहायचा. माझा पांढरा भुगा त्याच्या मिशांवर बसायचा. त्याने माझ्या टोकाला मोठं डोकं कोरलं, वटारलेले डोळे कोरले, कानापर्यंत फाकलेलं तोंड आणि त्यात दातांची रांग कोरली. दातालाच दात! मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. मग त्याने छाती कोरली, आणि बरगड्यांच्या मधली जागा इतकी खोल खणली, की एकेक बरगडी वेगळी मोजता यावी.

त्याची नात शेजारी बसून पाहत असे. एकदा तिने विचारलं, "आजोबा, याची छाती अशी आत का गेली आहे?"

"कारण हा श्वास घेत नाही," पाविया म्हणाला. "याची नुसती हाडं आहेत."

मग त्याने तिला सगळं सांगितलं, आणि मीही तेव्हाच ऐकलं. जुन्या काळी एखाद्याच्या मनात कुणाबद्दल फार द्वेष साचला, की तो माणूस गुपचूप किनाऱ्यावर जाई. जनावरांची हाडं, कातडी, केस असं काहीबाही गोळा करून बांधी, त्यावर मंत्र म्हणे, आणि ते भयंकर बोचकं समुद्रात सोडून देई. त्याला सांगे, अमक्याच्या मागावर जा आणि त्याचा जीव घे. तोच तुपिलाक. पण त्यात एक मोठा धोका होता. समोरच्याची शक्ती जास्त असली, तर तुपिलाक उलटा फिरे आणि ज्याने सोडला त्याचाच जीव घेई. त्यातून वाचायला एकच वाट होती. सोडणाऱ्याने चार लोकांसमोर उभं राहून, मी हे केलं, असं उघड सांगायचं. सांगितलं की तुपिलाकचा जोर संपे.

"पण आजोबा, खरा तुपिलाक तुम्ही पाहिलात?" नातीने विचारलं.

"कुणीच पाहिला नाही. तो लपूनछपून करायचा आणि पाण्यात सोडायचा. बाहेरचे लोक येऊन विचारायला लागले, तो दिसतो कसा? तेव्हा आमच्या वाडवडिलांनी लाकडात, दातात कोरून दाखवला. हा त्याचा नुसता मुखवटा आहे. याच्या हातून कुणाचं काही होत नाही."

हे ऐकून मी जरा खट्टू झालो होतो, मित्रांनो. एवढा भयंकर चेहरा, आणि हातून काहीच होत नाही!

आता मी अमडापूरला कसा आलो ते सांगतो. अन्नपूर्णाबाईंचे धाकटे भाऊ शेखर खामगावला फिटरचं काम शिकले आणि मालवाहू जहाजावर नोकरीला लागले. एका उन्हाळ्यात त्यांचं जहाज आमच्या बंदरात आलं. पावियाच्या होडीचं इंजिन तेव्हा बंद पडलेलं होतं. शेखर किनाऱ्यावर फिरायला उतरले होते, त्यांनी ते पाहिलं, आणि काही न विचारता बाह्या सरसावून कामाला बसले. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. पाविया घरात गेला आणि मला घेऊन आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बोलणं झालं. माझी सगळी गोष्ट पावियाने त्यांना समजावली. शेवटी त्याने मला शेखरच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं माझ्याभोवती मिटवली.

"याला कपाटात ठेवू नकोस," तो म्हणाला. "हातात घेत जा."

त्या काळी असं काही नेताना कुणी अडवत नसे. आता माझ्यासारखे दात देशाबाहेर न्यायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. देवमासे आधीच थोडे उरले आहेत.

शेखर सुट्टीवर निघाले. मुंबईहून मलकापूर, मलकापूरहून एसटी, असा मी त्यांच्या पेटीत कपड्यांच्या घडीत गुंडाळून आलो. अमडापुरात ओसरीवर पेटी उघडली तेव्हा केवढा उकाडा होता! मला वाटलं, मी वितळणार.

"अक्का, हा देवमाशाचा दात होय," शेखर म्हणाले. "याले तुपिलाक म्हणतात. आता तुले याची गोष्ट सांगतो."

अन्नपूर्णाबाई भावासाठी पुऱ्या तळत होत्या. त्यांचं निम्मं लक्ष कढईत होतं. "मेल्याचं तोंड पाह्य कसं आहे!" त्या म्हणाल्या. "पोरं झोपायची नाईत याच्या भेवानं. अन् बरगड्या पाह्य, जसा काय उपाशी मेला."

शेखरनी गोष्ट सांगितली. अन्नपूर्णाबाईंनी निम्मी ऐकली, निम्मी पुऱ्यांबरोबर तळून निघाली. शेखर जहाजावर परत गेले आणि मी भिंतीतल्या कपाटात गेलो. नेमकं पाविया नको म्हणाला होता तिथेच. तिथे माझी फार वर्षं गेली. कधी घरातली पोरं मला काढत, एकमेकांच्या अंगावर धावत, "तुप्या आला, तुप्या आला" म्हणून ओरडत. तुप्या! माझं हे नाव ऐकून मला संताप येई. पुढे ती पोरंही मोठी झाली. मग मला कुणीच काढेना, आणि खरं सांगू, तेव्हा मला ते तुप्या म्हणणंसुद्धा आठवायला लागलं.

अन्नपूर्णाबाईंच्या घरात त्यांच्या सासूच्या वेळचं एक सांबरशिंग होतं. गुडघा सुजला, छाती भरली, की ते सहाणेवर पाण्यात उगाळायचं आणि त्याचा लेप लावायचा, अशी इकडे घरोघरी रीत होती. उगाळून उगाळून ते शिंग नखाएवढं उरलं आणि एक दिवस तेही संपलं. नवं मिळेना, कारण शिंगांच्या खरेदी-विक्रीलाही आता बंदी आहे. त्यातच अन्नपूर्णाबाईंचे यजमान नारायणराव यांचा गुडघा सुजला. अन्नपूर्णाबाईंनी कपाट धुंडाळलं. हाताला मी लागलो. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, नखाने टोकरलं आणि म्हणाल्या, "शिंगासारखंच तं आहे. अन् बर्फातून आलेलं, म्हणजे आग वढून घेनच."

माझं बूड पोकळ आहे, ते सहाणेवर नीट घासलं जाईना. म्हणून त्यांनी मला उलटं धरलं. टोक खाली. माझं डोकं दगडावर टेकलं आणि त्या उगाळू लागल्या.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. पावियाने ज्या कपाळावर आख्खा आठवडा घालवला, ते कपाळ त्या दगडावर पांढऱ्या पाण्याच्या रूपाने वाहत होतं. मी तुपिलाक, मला पाहून माणसं दचकायची, आणि ही बाई मला सुंठीसारखं उगाळत होती! मी मनातल्या मनात खूप आरडाओरडा केला. अन्नपूर्णाबाई मात्र शांतपणे हात फिरवत होत्या आणि हलक्या आवाजात नवऱ्याचं नाव घेत होत्या. ही त्यांची सवयच होती. ज्याच्यासाठी उगाळायचं, त्याचं नाव घेत उगाळायचं.

नारायणराव दोन दिवस पडून राहिले आणि सूज उतरली. पडून राहिल्यानेच उतरली असावी, पण श्रेय मिळालं मला. मग शेजारच्या सोजराबाईंचा घोटा सुजला. मग कुणाची पाठ, कुणाचा खांदा. "अन्नपूर्णाबाईच्या हाताले गुण आहे," असं गावात म्हणू लागले, आणि मला बर्फाचं शिंग म्हणू लागले. मला कपाटातून काढून पितळी वाटी मिळाली. रोज कुणाचं तरी दुखणं उतरावं म्हणून माझं कपाळ झिजत होतं. डोळे गेले, नाक गेलं. तरी एक सांगतो, लोक माझ्याकडे आदराने बघत तेव्हा मला बरंही वाटायचं. इतकी वर्षं अंधारात पडलेल्याला ते वाटणारच.

पण मग लोक लहान मुलांना आणू लागले. सर्दी-खोकल्याची मुलं. अन्नपूर्णाबाई त्यांच्या छातीवर लेप लावत. बहुतेक मुलं आपोआप बरी होत, आणि माझा बोलबाला वाढत जाई. मला मात्र धाकधूक लागली. कारण माझ्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. दाताचा भुगा. त्यापलीकडे काही नाही.

ती पौषातली सकाळ होती. कापसाची वेचणी सरत आली होती आणि ओसरीवर कोवळं ऊन आलं होतं. जनकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कडेवर गोधडीत गुंडाळलेला नातू होता, हर्षल, अजून वर्षाचाही न झालेला. मागे त्यांची सून पूनम उभी होती, रात्रभर जागल्यासारखी. हर्षलचे वडील कापूस घेऊन मलकापूरला गेलेले होते.

जनकाबाईंना दारात पाहून अन्नपूर्णाबाई दचकल्याच. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून या दोन घरांचं भांडण झालेलं होतं आणि तेव्हापासून बोलणंचालणं बंद होतं. त्या बाईने आपणहून हा उंबरा चढावा, म्हणजे तिच्या जिवाला किती लागलं असेल ते समजा.

"अन्नपूर्णाबाई, मागचं सारं सोडा," जनकाबाई म्हणाल्या. "पोराले डबा झाला. पोट उडून राह्यलं त्याचं. तुमच्या हातचा लेप लावून द्या."

लहान बाळाच्या छातीत कफ दाटतो, त्याला धाप लागते, त्या दुखण्याला इकडे डबा म्हणतात. डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात.

पूनम हळूच म्हणाली, "काकू, गावातल्या डॉक्टरनं कालच सांगतलं, चिखलीले मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून."

"तू चूप राह्य," जनकाबाई म्हणाल्या. "आधी लेप लागू दे, मंग पाहू."

अन्नपूर्णाबाईंनी पाट सरकवला. सहाणेवर पाणी शिंपडलं आणि मला उचललं. "हर्षल, हर्षल," असं म्हणत त्या उगाळू लागल्या. थोडा लेप जमल्यावर म्हणाल्या, "काढ वं पूनम, अंगडं काढ त्याचं."

पूनमने अंगडं वर केलं. बाळ रडतही नव्हतं. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत, खोल आत ओढली जात होती. एकेक बरगडी वेगळी दिसत होती.

अन्नपूर्णाबाईंचा हात थांबला. त्यांनी बाळाकडे पाहिलं. मग मुठीतल्या माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा तर केव्हाच गेला होता, त्यांच्या अंगठ्याखाली उरल्या होत्या फक्त बरगड्या. पावियाने खोल खणलेल्या, श्वास नसलेल्या बरगड्या. त्यांनी पुन्हा बाळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पुऱ्या तळताना ऐकलेली ती निम्मी गोष्ट त्यांना त्या क्षणी आठवली असावी. मला तर सारखं ओरडावंसं वाटत होतं, की बाई, मी नाही, मी काही करू शकत नाही, याला घेऊन पळ! पण मला तोंड होतं तेव्हाही मी कधी बोललो नव्हतो, आणि आता तर तोंडच नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंनी मला खाली ठेवलं. "जनकाबाई, हे माह्या हातातलं नाई. पोराले आत्ताच्या आत्ता चिखलीले न्या."

जनकाबाईंनी गोधडी बाळाभोवती घट्ट ओढली.  "साऱ्या गावाले तुमच्या हाताचा गुण येते, अन् आमच्याच लेकराले काऊन नाई? पाण्याच्या पाळीचा राग या जिवावर काढता काय?"

"तसं नाई वं बाई..."

"राहू द्या. कळलं मले. उठ पूनम. आपण दुसरीकडं पाहू. चिखलीले नाई जायचं. दवाखान्यात नेलेलं लेकरू मी परत आलेलं पाह्यलं नाई."

त्यांचं एक लेकरू लहानपणी दवाखान्यातच दगावलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जनकाबाई हर्षलला उराशी धरून उठल्या. पूनम रडत होती, पण सासूच्या पुढे जायची तिची हिंमत नव्हती. मित्रांनो, माझ्या देशात म्हणत, तुपिलाक उलटा फिरतो. ज्यांनी मला मोठं केलं, त्यांच्याच अंगणातून माझं खोटं नाव एका बाळाचा जीव घेऊन चाललं होतं.

अन्नपूर्णाबाई उठल्या. एका हातात सहाण, एका हातात मी. "अविनाश!" त्यांनी मोठ्याने हाक मारली. अविनाश त्यांचा मुलगा, चिखलीच्या रस्त्यावर प्रवासी ऑटो चालवतो. "अविनाश, ऑटो काढ लवकर!" आणि त्या जनकाबाईंच्या समोर आडव्या झाल्या.

"लेप पाह्यजे ना तुमाले? लावते मी. पण गाडीत लावते. पूनम लेकरू घेऊन बसन, मी सहाण मांडीवर घेऊन बसते. चिखली येईपर्यंत उगाळते. माहा हात थांबला तं गाडी फिरवा अन् घरी चला, मी काई म्हणणार नाई."

 बाळाने एक घरघरता श्वास घेतला. जनकाबाई खाली मान घालून ऑटोत जाऊन बसल्या.

तो रस्ता मला अजून आठवतो. ऑटो खड्ड्यांत आदळत होती, सहाण अन्नपूर्णाबाईंच्या मांडीवर नाचत होती, बाटलीतलं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडत होतं. त्या उगाळत होत्या आणि "हर्षल, हर्षल" म्हणत होत्या. बोटाने थोडा लेप घेऊन बाळाच्या छातीला लावत होत्या. या लेपाने काही होणार नाही हे त्यांना कळलेलं होतं. मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. पण जनकाबाईंची नजर त्यांच्या हातावर खिळलेली होती, आणि तो हात थांबून चालणार नव्हता. माझी राहिलेली हनुवटी त्या रस्त्यावर गेली. गालांची उरलेली कडही तिथेच गेली. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. मला इतकंच वाटत होतं, की मी चिखली येण्याआधी संपू नये.

अर्ध्या वाटेत बाळाचे ओठ निळसर दिसू लागले. "थांबव रे गाडी!" जनकाबाई किंचाळल्या. "थांबून नीट लेप लावा!"

"अविनाश, थांबू नको," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा कडक मी कधी ऐकला नव्हता. हात मात्र चालूच होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला पाहिलं आणि लगेच आत नेलं. पहिल्यांदा त्यांनी ओल्या कापसाने छातीवरचा लेप पुसला. "पुसू नका वं बाई!" असं म्हणून जनकाबाई पुढे धावल्या. अन्नपूर्णाबाईंनी त्यांचा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला. बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. सुई लागली. मग दार बंद झालं. बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या, आणि मी अन्नपूर्णाबाईंच्या पदराच्या गाठीत. 

दुपार कलली तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. चांगलं खणखणीत, चिडलेलं रडणं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." पूनम भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली. जनकाबाईंनी अन्नपूर्णाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाण्याच्या पाळीचा विषय त्यानंतर दोन्ही घरांत निघाल्याचं मी ऐकलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काही दिवसांनी हर्षल घरी आला आणि जनकाबाई गावभर सांगत सुटल्या, "दातानं वाचवलं! चिखलीपर्यंत लेप चालू होता, म्हणून तं जीव राह्यला." झालं! दुसऱ्याच दिवशी ओसरीवर लेकरं घेऊन बायांची गर्दी झाली. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं येऊ लागली.

अन्नपूर्णाबाई मला हातात घेऊन ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या. "बायांनो, ऐका," त्या म्हणाल्या. "या दातात काई नाई. औषध नाई, देव नाई. पोरगं डॉक्टरनं वाचवलं. मी इतके वर्षं लावत होते, पण माह्या हातात काई गुण नाई. हे मी सगळ्यांसमोर सांगून राह्यली."

मला पावियाचं बोलणं आठवलं, चार लोकांसमोर उघड सांगायचं. स्वतःचं नाव असं स्वतःच्या हाताने पुसायला किती धैर्य लागतं, ते मला त्या ओसरीवर कळलं. मला वाटलं, आता माझा जोर संपला. पण बाया एकमेकींकडे बघून हसल्या. "मोठ्या मनाच्या आहेत बाई, स्वतःकडं मोठेपणा घेत नाईत," असं म्हणत त्यांनी लेकरांची अंगडी वर केली.

 अन्नपूर्णाबाईंनी सहाण काखेत मारली. "बरं. लावते. पण मी आता घरात उगाळत नाई. गाडीत उगाळते, चिखलीच्या रस्त्यावर. ज्याले लावून पाह्यजे त्यानं ऑटोत बसा."

"बाई, साधा खोकला आहे वं," एकजण म्हणाली.

"मंग डॉक्टर तसं सांगन. बस."

तेव्हापासून हाच नेम आहे. अविनाश आधी कुरकुरला, पण आता लेकरू घेऊन कुणी येताना दिसलं, की आईने हाक मारायच्या आधी तो ऑटो सुरू करतो. पूनम हर्षलला सासूजवळ ठेवते आणि आजारी बाळ धरायला कितीदा तरी सोबत येते. आणि जनकाबाई? त्यांना अजून वाटतं, की गुण दाताचाच. पण आता त्या आमच्या दारात उभ्या राहून येणाऱ्या बायांना सांगतात, "घरी लावला तं लागू होत नाई, गाडीतच लावा लागते."

मागच्या वर्षी शेखर नोकरीतून मोकळे होऊन बहिणीला भेटायला आले. वाटीत मला पाहिलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला. "अक्का, काय केलं हे? याचा चेहरा कुठं गेला?"

"लेकरांच्या छातीवर गेला," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शेखर रागावले. म्हणाले, याले काचेच्या पेटीत ठेवलं असतं, मोठ्या शहरातल्या संग्रहालयात दिलं असतं, लांबून लांबून लोक पाहायले आले असते. अन्नपूर्णाबाईंनी सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाल्या, "तुही वस्तू आहे. न्यायची तं ने." मी खोटं बोलणार नाही, मित्रांनो. माझ्या मनात आलं, नेऊ दे. काचेमागे दिव्याच्या उजेडात बसावं. जे काही उरलं आहे ते तरी कुणी कौतुकाने बघावं. मी पावियाचा तुपिलाक होतो आणि मला माझ्या चेहऱ्याची फार आठवण येते.

शेखरनी मला उचललं. माझ्या सपाट डोक्यावरून, बरगड्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग त्यांनी माझ्याभोवती बोटं मिटली, अगदी पावियाने त्यांची मिटवली होती तशी. "तो म्हातारा म्हणला होता, याले हातात घेत जा," ते म्हणाले. "मी तं कपाटात ठेवून गेलो होतो." आणि त्यांनी मला वाटीत परत ठेवलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू कपाटात पडलेली असेल, तर तिची गोष्ट पूर्ण ऐकून घ्या. निम्मी ऐकू नका. आणि घरातलं बाळ कधी छाती आत ओढून श्वास घ्यायला लागलं, त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तर मला शोधत बसू नका. ज्याच्याकडे गाडी असेल त्याला हाक मारा. आई-आजी ऐकत नसतील, तर सांगा, अमडापूरचा दात सांगतो म्हणून.

आता मी थोडाच उरलो आहे. आणखी काही फेऱ्या झाल्या, की बरगड्याही जातील. माझ्या देशात तुपिलाकला पाण्यात सोडताना सांगत, अमक्याच्या मागावर जा, जीव घे. आज सकाळीही अविनाशने ऑटो सुरू केली. अन्नपूर्णाबाईंनी मला मुठीत धरलं, सहाण मांडीवर घेतली आणि समोरच्या आईला विचारलं, "नाव काय वं बाळाचं?"

तिने नाव सांगितलं. मी निघालो.